पाणबुड्याचा साधा कॅमेरा

पाण्याखाली छायाचित्र घेण्याचा पहिला ज्ञात प्रयत्न १८५६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वेमथच्या उपसागरात झाला. विल्यम टॉम्पसन या निसर्गाभ्यासक वकिलाने आपला कॅमेरा एका पेटीत बंद करून समुद्रतळाशी सोडला. पेटीत पाणी शिरले; तथापि काचेवर तळाची एक पुसट प्रतिमा उमटली आणि ती टिकली. पुढे १८९३ साली लुई बूतां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने पाणबुड्याचा पोशाख चढवून भूमध्य समुद्रात बान्यूल्स येथे स्वतः छायाचित्रे घेतली. कॅमेरा हातात धरून मुक्तपणे पोहता येईल इतका तो लहान व्हावा यासाठी मात्र आणखी साठ-सत्तर वर्षे जावी लागली. झाक-ईव्ह कूस्तो यांच्या प्रेरणेने बेल्जियन अभियंता झां द वूतेर यांनी 'कॅलिप्सो' हा कॅमेरा तयार केला आणि १९६३ पासून निकॉन कंपनीने तो 'निकोनॉस' या नावाने बाजारात आणला. या मालिकेचे उत्पादन २००१ साली थांबले. तिची जागा आता खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांनी घेतली आहे, आणि या प्रकरणाचा विषय तेच कॅमेरे आहेत.

असा कॅमेरा घेणारा भारतीय ग्राहक पुष्कळदा समुद्रापासून दूर राहणारा असतो. बेंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरमसारख्या उपनगरात राहणारा एखादा हौशी पाणबुड्या घेऊ. पोहण्याच्या तलावात त्याने प्राथमिक धडे घेतले आहेत. सुट्टीत तो मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाकडे, गोव्याच्या ग्रँड बेटाकडे किंवा मालवणला जातो. कॅमेरा तो शहरात, कोरड्या दुकानात निवडतो. तेथे त्याच्यापुढे किती मेगापिक्सेल, किती पट झूम, पडदा केवढा, असे आकडे ठेवले जातात. पाण्याखाली यांपैकी जवळजवळ एकाही आकड्याला फारशी किंमत उरत नाही. कॅमेऱ्याची निवड पाण्यापासून सुरू करावी लागते. म्हणून प्रथम आपल्या किनाऱ्याचे पाणी कसे आहे ते पाहू.

परदेशी पुस्तकांतील पाण्याखालची छायाचित्रे बहुधा तांबडा समुद्र, मालदीव अथवा कॅरिबियन बेटांजवळ घेतलेली असतात. तेथे वीस-तीस मीटरपर्यंत स्पष्ट दिसते आणि पाणी निळे असते. मालवणचे पाणी तसे नाही. कोकणातील नद्या व खाड्या गाळ आणतात, पावसाळ्यानंतर पाण्यात सूक्ष्म वनस्पतींची वाढ होते, आणि अनेक दिवशी दृष्टी काही मीटरांपलीकडे पोहोचत नाही. पावसाळ्यात तर बुड्या बंदच असतात. अनुभवी कोळी सांगेल की उधाणाच्या दिवसांत तळ ढवळला जातो आणि अष्टमीच्या आसपास, भांगेच्या वेळी, प्रवाह मंद झाला की पाणी निवळते. सहलीची तारीख कार्यालयातील रजेवरून ठरविण्याऐवजी पंचांगावरून ठरविणारा छायाचित्रकार महागड्या कॅमेऱ्यावर खर्च करणाऱ्यापेक्षा पुष्कळदा चांगली चित्रे घेऊन येतो.

पाणी प्रकाशाचे दोन प्रकारे नुकसान करते. पहिले नुकसान रंगांचे. तांबडा प्रकाश पाणी अतिशय लवकर शोषून घेते. पाच-सहा मीटर पाण्यातून गेल्यावर तो फारच थोडा उरतो, त्यानंतर नारिंगी व मग पिवळा क्षीण होतो. तांबोशी मासा बाजारातील टोपलीत लालभडक दिसतो, पण दहा मीटर खोलीवर तोच मासा करड्या-तपकिरी रंगाचा भासतो. येथे केवळ खोली मोजून भागत नाही, हे ध्यानात ठेवावे. पाणबुड्या चार मीटर खोल असेल आणि मासा त्याच्यापासून दोन मीटर दूर असेल, तर सूर्यप्रकाशाने कॅमेऱ्यापर्यंत येईतो सहा मीटर पाणी ओलांडलेले असते. स्वच्छ निळ्या समुद्रात शेवटी निळा रंग उरतो. आपल्याकडील पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये व वनस्पतिप्लवक निळा रंगही शोषून घेतात, त्यामुळे हिरवा रंग सर्वांत दूर जातो आणि सारे चित्र शेवाळी दिसते. म्हणूनच निळ्या समुद्रासाठी बनविलेला तांबडा फिल्टर येथे अर्धवटच काम करतो. हिरव्या पाण्यासाठी किरमिजी छटेचा फिल्टर घ्यावा लागतो. कोणताही फिल्टर नाहीसा झालेला रंग परत आणीत नाही. तो उरलेले रंग अडवून तोल साधतो, आणि त्या प्रमाणात प्रकाशही कमी करतो. अंधाऱ्या पाण्यात ही किंमत परवडत नाही.

दुसरे नुकसान गढूळपणाचे. आंबोली घाटातील धुक्यात गाडी चालविणाऱ्याला हे ठाऊक असते की दिव्यांचा झोत वर केला तर रस्ता अधिक दिसण्याऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते. कॅमेऱ्यातील अंगभूत फ्लॅश पाण्याखाली नेमके हेच करतो. तो भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळे पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण उजळून सरळ भिंगाकडे प्रकाश परत पाठवितो आणि चित्रावर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. उपाय असा की अंगभूत फ्लॅश बंद ठेवावा, किंवा एका बाहूवर बसविलेला वेगळा दिवा भिंगापासून हातभर बाजूला धरून तिरका प्रकाश टाकावा. कॅमेऱ्याला असा दिवा अथवा बाहेरचा फ्लॅश पुढे कधीतरी जोडता येईल की नाही, ही गोष्ट खरेदीच्या वेळी अवश्य विचारावी.

या दोन्ही नुकसानींवर एकच खरा इलाज आहे: विषयाच्या जवळ जाणे. मधले पाणी जितके कमी, तितका रंग अधिक व गाळ कमी. मालवणच्या पाण्यात एक मीटरच्या आत, शक्य तर हातभर अंतरावरून चित्र घ्यावे. त्यामुळे झूमचा आकडा निरर्थक ठरतो. दूरचा मासा झूमने जवळ आणला तरी मधले पाणी जागचे हलत नाही. कॅमेऱ्यात दोन गुण मात्र हवेत: रुंद कोन टिपणारे भिंग आणि अगदी जवळच्या वस्तूवर केंद्रित होण्याची क्षमता.

रुंद कोनाच्या बाबतीत पाणी आणखी एक खोडी करते. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १·३३ असल्यामुळे सपाट काचेमागून पाहताना वस्तू एक-चतुर्थांश अंतराने जवळ व सुमारे एक-तृतीयांशाने मोठी भासते. एक मीटरवरील दगड पाऊण मीटरवर असल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्यालाही तो तसाच दिसतो, म्हणून केंद्रण त्याच्यावर सोपवावे, अंदाजाने अंतर भरू नये. परंतु दृष्टिक्षेत्र आक्रसते. जमिनीवर सुमारे ८२ अंशांचा कोन टिपणारे भिंग पाण्यात सपाट काचेमागे ६० अंशांच्याही किंचित आतच टिपते. दुकानात जे भिंग पुरेसे रुंद वाटते ते पाण्यात मध्यम प्रतीचे ठरते.

आता प्रत्यक्ष पर्यायांकडे वळू. भ्रमणध्वनीचा विचार अनेकांच्या मनात येतो, कारण तो जवळ असतोच. त्याच्या जाहिरातीत जलरोधकतेचा जो दर्जा सांगितलेला असतो तो स्थिर, गोड्या पाण्यातील चाचणीचा असतो. खारे पाणी आणि पाणबुड्याची हालचाल त्यात गृहीत नाही, आणि पाण्याने झालेले नुकसान उत्पादक सहसा हमीत धरीत नाहीत. शिवाय पाण्यात स्पर्शाचा पडदा काम देत नाही. खास कवचात घालून तो नेता येतो. पण कवचात पाणी शिरले तर चित्रांबरोबर घरी फोन करण्याचे साधनही जाते.

हेल्मेटवर किंवा काठीवर लावता येणारे छोटे चलच्चित्र-कॅमेरे हा दुसरा वर्ग. गोप्रो मालिकेतील अलीकडचे मुख्य कॅमेरे कवचाशिवाय १० मीटरपर्यंत आणि त्यांच्या संरक्षक कवचात ६० मीटरपर्यंत चालतात. डीजेआय कंपनीचा २०२३ मधील ऑस्मो ॲक्शन ४ कवचाशिवाय १८ मीटरपर्यंत नेता येतो. कोन अतिशय रुंद, वजन नगण्य, वापर सोपा. चलच्चित्रासाठी नवशिक्याला याहून योग्य साधन नाही. मात्र त्यांचे केंद्रण बहुधा ठरलेले असते, त्यामुळे वीतभर अंतरावरील समुद्री गोगलगाय धूसर येते; आणि त्यांना स्वतःचा प्रकाश नसतो.

तिसरा वर्ग दणकट, जलरोधक छोट्या कॅमेऱ्यांचा. यातील सर्वांत परिचित मालिका ऑलिंपसची 'टफ टीजी'. तिच्यातील टीजी-६ हा नमुना २०१९ साली आला. पुढे ऑलिंपसचा कॅमेरा-व्यवसाय वेगळ्या कंपनीकडे गेला आणि २०२३ साली टीजी-७ 'ओएम सिस्टिम' या नावाखाली निघाला. दोन्हींचे चित्र बारा मेगापिक्सेलचेच आहे. आकडे पाहणारा ग्राहक त्यामुळे नाक मुरडतो. पण हे कॅमेरे भिंगापासून एका सेंटिमीटरवरील वस्तूवर केंद्रित होऊ शकतात आणि प्रक्रिया न केलेली मूळ प्रतिमा, म्हणजे 'रॉ' फाइल, साठवितात. आपल्या गढूळ किनाऱ्यासाठी या दोन गुणांचे मोल पिक्सेलांपेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि साध्या कॅमेऱ्यांत माझी पसंती याच वर्गाला आहे. कवचच नसलेला, कायमचा सीलबंद कॅमेराही मिळतो. सीलाइफ कंपनीचा मायक्रो ३·० हा ६० मीटरपर्यंतचा आहे. त्यात झाकणच उघडत नसल्यामुळे विसरभोळ्यांना तो मानवतो.

खोलीचा आकडा वाचताना मात्र सावध राहावे. टीजी कॅमेऱ्यांची कवचाशिवायची मर्यादा १५ मीटर आहे. प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या पाणबुड्याची शिफारस केलेली मर्यादा सामान्यतः १८ मीटर असते. म्हणजे माणूस जेथपर्यंत जाऊ शकतो तेथपर्यंत त्याचा कॅमेरा जाऊ शकत नाही, आणि मासा पाहण्याच्या नादात शेवटचे तीन मीटर केव्हा उलटले ते कळत नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँकेवर जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. त्या बुडालेल्या पठाराचा माथाच पृष्ठभागाखाली सुमारे वीस मीटरवर आहे.

दाबाचा हिशेब फार सोपा आहे. दर दहा मीटरला एक वातावरण, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम इतका दाब वाढतो. कॅमेऱ्याची पाठ दहा सेंटिमीटर लांब व सहा रुंद धरली तर वीस मीटरवर तिच्यावर सुमारे १२० किलोग्रॅमचा भार असतो. दोन धडधाकट माणसे तिच्यावर उभी राहिल्यासारखे ते होते. म्हणून ज्या खोलीवर जायचे तिच्या किमान दीडपट मर्यादेचे साधन घ्यावे. टीजी कॅमेऱ्यासाठी ४५ मीटर मर्यादेचे वेगळे कवच मिळते. बाजारात त्याला 'हाउसिंग' म्हणतात. दोन थर असण्याचा आणखी एक लाभ असा की बाहेरचा थर थोडा झिरपला तरी आतील कॅमेरा जलरोधकच असतो.

हा प्रचंड भार अडविण्याचे काम एक साधे रबरी कडे करते. त्याला ओ-रिंग म्हणतात. दाब वाढतो तसे ते खाचेत अधिक घट्ट बसते, त्यामुळे पुष्कळ कॅमेरे खोल पाण्यात नव्हे, तर पृष्ठभागाजवळ, पहिल्या मीटर-दोन मीटरांत गळतात. केसाचा एक तुकडा, वाळूचा एक कण किंवा मनगटपट्ट्याचा सुटलेला धागा कड्याखाली अडकला तर पाण्याला वाट मिळते. कडे काढताना टाचणी किंवा चाकू वापरू नये. बोटांनी एका बाजूला ढकलून वर आलेला भाग उचलावा. उजेडात धरून पाहावे, लोकर नसलेल्या कापडाने खाच पुसावी, उत्पादकाने सांगितलेले वंगण कड्यावर जेमतेम चमक येईल इतकेच लावावे. जाड थर दिल्याने गळती थांबत नाही. उलट कचरा चिकटतो. नवे कवच आणल्यावर आत कॅमेरा न ठेवता कोरडा टिपकागद ठेवून ते प्रथम बादलीत, मग तलावात आणि शेवटी समुद्रात नेऊन आणावे. कागद कोरडा निघाला तर पुढच्या बुडीला कॅमेरा न्यावा. या सावधगिरीत एक बुडी खर्ची पडते, आणि ती पडू द्यावी.

बेंगळुरूच्या वाचकासाठी येथे एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे; तेथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जवळजवळ एक-दशांशाने कमी असतो. के. आर. पुरममध्ये बंद केलेले कवच मालवणला पोहोचते तेव्हा त्याच साठ चौरस सेंटिमीटरच्या झाकणावर बाहेरून सुमारे सहा किलोग्रॅमचा भार असतो आणि ते उघडता उघडत नाही. झटापटीत खिटी तुटते ती येथे. परतीच्या वाटेवर उलट घडते. आतील हवा झाकणाला बाहेर ढकलते. प्रवासात कवच उघडे ठेवावे अथवा मुख्य कडे काढून डबीत ठेवावे, हे बरे. पाण्यात उतरण्यापूर्वी ते कोरड्या, शक्य तर वातानुकूलित खोलीत बंद करावे आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. दुपारी होडीवर, किनाऱ्याच्या दमट हवेत झाकण लावले तर थंड पाण्यात काचेवर आतून धुके जमते आणि संपूर्ण बुडी पांढऱ्या पडद्यामागून पाहावी लागते.

बुडीनंतर कवच न उघडता गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे व बुडलेल्या स्थितीतच प्रत्येक कळ दाबून मीठ सुटू द्यावे. केस व हात पुरते कोरडे झाल्यावाचून झाकण उघडू नये. पाणी आत शिरल्याचे दिसलेच तर कॅमेरा चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. तो भिंग खाली करून वर आणावा, प्रथम विद्युतघट काढून दूर ठेवावा आणि स्मृतिपत्र काढून गोड्या पाण्याने धुऊन वाळवावे. कॅमेरा गेला तरी स्मृतिपत्रावरील चित्रे पुष्कळदा वाचतात.

कॅमेरा नेण्याची योग्यता माणसाला केव्हा येते, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. माझे मत असे की हातापायांची हालचाल न करता एका पातळीवर तरंगत राहणे जोपर्यंत साधत नाही, तोपर्यंत कॅमेरा किनाऱ्यावर राहावा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाचे चित्रण बहुधा त्याचा प्रशिक्षकच करतो, आणि तसेच असावे. कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहणारा माणूस हवेचा दाबमापक पाहत नाही, खोली पाहत नाही, जोडीदार पाहत नाही. चित्र स्थिर यावे म्हणून तो खडकाला धरतो, गुडघे टेकतो. मागे त्याचे फिन प्रवाळाच्या शाखा मोडीत असतात आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. कठीण प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढेच वाढतात. ते सर्व वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा सागरी परिसर १९८७ सालापासून अभयारण्य आहे. म्हणूनच साध्या कॅमेऱ्याचा हलकेपणा ही उणीव मानू नये. एका हातात मावणारा, मनगटाला अडकविता येणारा, हात सोडल्यास जाकिटाच्या कडीला लटकत राहणारा कॅमेरा असेल तर दुसरा हात मोकळा राहतो. तरंगणारा फुगा बांधलेला कॅमेरा उथळ पाण्यात पोहताना ठीक. बुडीत मात्र तो सारखा वर ओढतो, म्हणून पाण्यात जवळपास वजनहीन राहील असा जुळविलेला बरा.

रंगाची व्यवस्था पाण्यातच करावी लागते. कॅमेऱ्यावर 'अंडरवॉटर' असा तयार पर्याय असतो. तो निळ्या समुद्राला धरून बनविलेला असल्याने आपल्या हिरव्या पाण्यात चित्र कधी गुलाबी, कधी जांभळे करून सोडतो. त्याऐवजी हाताने 'व्हाइट बॅलन्स' ठरविता येणारा कॅमेरा निवडावा. पाणबुडे ज्या पांढऱ्या पाटीवर पेन्सिलीने लिहितात तीच पाटी समोर धरून दर चार-पाच मीटर खोलीला हे संतुलन नव्याने करावे. 'रॉ' फाइल असल्यास घरी संगणकावरही दुरुस्ती करता येते. मात्र जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही तो संगणकही निर्माण करू शकत नाही, फक्त त्याची नक्कल करतो.

ही बाब केवळ सौंदर्याची नाही. समुद्राचे तापमान वाढले की प्रवाळ आपल्या शरीरातील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. त्याला विरंजन म्हणतात. मालवणच्या प्रवाळांत असे विरंजन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१५ च्या सुमारास नोंदविले आहे. संशोधक वर्षातील थोडेच दिवस पाण्यात असतात. हौशी पाणबुडे मात्र हंगामभर उतरतात, आणि त्यांच्या चित्रांत या किनाऱ्याची नोंद साठत जाते. परंतु कॅमेऱ्याने स्वतःच्या मनाने रंग बदलला असेल तर निरोगी प्रवाळ फिकट दिसतो आणि फिकट प्रवाळ निरोगी. अशा चित्राचा उपयोग शून्य. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या 'कोरलवॉच' उपक्रमाने यासाठी एक साधा रंगतक्ता तयार केला आहे. तो प्रवाळाशेजारी, त्याला स्पर्श न करता धरायचा व दोन्ही एकाच चित्रात घ्यायचे. मग कॅमेऱ्याने रंग कसाही बदलला तरी तुलना शाबूत राहते. तक्ता नसेल तर पांढरी पाटी व तिच्यावर आखलेली दहा सेंटिमीटरची रेघही चालते. सागरी पुरातत्त्वाचे अभ्यासक अवशेषाशेजारी मोजपट्टी ठेवल्याशिवाय त्याचे छायाचित्र घेत नाहीत, हेतू तोच.

उतरण्यापूर्वी कॅमेऱ्यातील घड्याळ मिनिटापर्यंत बरोबर लावावे, कारण मनगटावरील डाइव्ह-संगणकाची नोंद त्याच्याशी जुळवून प्रत्येक चित्राची खोली नंतर काढता येते. बुडीचे ठिकाण, भरतीची वेळ, पाण्याचे तापमान आणि दृष्टी किती मीटर होती हे त्याच दिवशी वहीत लिहावे. पुढील वर्षी त्याच खडकावर, त्याच बाजूने, तितक्याच अंतरावरून पुन्हा चित्र घेता येईल अशा बेताने खुणा टिपून ठेवाव्यात: किल्ल्याचा कोणता बुरूज कोणत्या दिशेला दिसत होता, नांगर कोठे टाकला होता, आणि प्रवाळाचा तो विशिष्ट गोटा नांगराच्या दोरापासून किती हात दूर होता.